बुधवारची उत्तरं

काचेच्या पलीकडे सहा खुर्च्या होत्या, सहा पेले, सहा जाड पेनं, नावं लिहायला सहा कोऱ्या पाट्या आणि भिंतीवर एक मोठा आरसा. तो आरसा म्हणजेच आमची काच. अलीकडच्या अंधाऱ्या खोलीत तीन खुर्च्या, तीन हेडफोन, दोन जेवणाचे डबे, थंड चहाच्या तीन बाटल्या आणि चौकोनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. डबे मोबाइल कंपनीच्या दोघांसाठी होते, चिठ्ठ्या माझ्यासाठी. दुपारी दोन वाजता बायका एकेक करून आत आल्या आणि मी सवयीनं मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथी माझी आई होती.

तिनं पर्स मांडीवर घेतली, मग खुर्चीखाली ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली. आरशात बघून कपाळावरचे केस बोटानं मागे सारले. म्हणजे ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती आणि तिला मी दिसत नव्हते. माझे कान हेडफोनखाली तापले. सगळ्यांबरोबर तिनंही पाटी पुढे ओढली आणि वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘मिनोवा’. ते तिचं माहेरचं आडनाव. त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी कधी ऐकलेली नाही. बाबा गेल्यावरही ती सेगावाच राहिली, दारावर, पत्रांच्या पेटीवर, दवाखान्यात. आणि इथे, शिंजुकुतल्या सातव्या मजल्यावर, ती मिनोवा-सान होऊन बसली होती, पाठ ताठ करून, नव्या शाळेत आलेल्या मुलीसारखी. मला राग आला. आधी राग आला, आश्चर्य नंतर. हा क्रम मी मनाशी नीट तपासून पाहिला आहे.

आमच्या धंद्यात नियम साधा आहे. ‘घरचं कुणी पाहणीच्या किंवा जाहिरातीच्या कामात आहे का?’ हा चाळणीचा पहिला प्रश्न. उत्तर होकारार्थी आलं की ते माणूस बाद. माणसं गोळा करायचं काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं, आमच्याकडे येतं ते वय, वस्ती आणि फोनचा प्रकार. ‘चौसष्ट, आदाची, एकटी, मुलीशी रोज संदेश’ ही ओळ मी आठवड्याच्या सुरुवातीला वाचली होती आणि अगदी अशीच बाई हवी होती म्हणून खूश झाले होते. पहिल्या प्रश्नाला आईनं ‘कुणी नाही’ म्हटलं असणार. मी काय करते ते तिला ठाऊक आहे. नोकरी लागली तेव्हा मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं होतं, आणि तिनं त्या कागदात उरलेलं आलं गुंडाळून ठेवलं होतं. मग हे ‘कुणी नाही’ कुठून आलं? तिला कंटाळा आला म्हणून, की एक दुपार बाहेर बसायला मिळते म्हणून, की तेच तिचं खरं उत्तर होतं?

मी उठायला हवं होतं. शेजारच्या दारावर टकटक करायची, चर्चा चालवणाऱ्या मिझोगुची-सानांना बाहेर बोलवायचं, कानात सांगायचं, आणि चौथ्या खुर्चीवरच्या बाईंना मान लववून परत पाठवायचं. असं पूर्वी झालेलं आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. पण मोबाइल कंपनीचे कुसाका-सान डब्याचं झाकण काढत म्हणाले, “सेगावा-सान, आज तुमची परीक्षा,” आणि त्यांच्या हाताखालचा तातेनो नाकानं हसला. मी बसून राहिले.

परीक्षा माझीच होती. विद्यापीठात मी पाणपिसवांची हृदयं मोजत असे. तिळाहून बारीक, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याचं हृदय उघडं पडतं. ठोके कुणीही मोजतं, मी दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची. अंतर स्थिर असलं तर जीव ठीक, डळमळलं तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. पदवी घेऊन या कंपनीत आले, वर्षावर्षाच्या करारावर, आणि लोक फोन उशाशी घेतात का, जेवताना बघतात का, न्हाणीघरात नेतात का, याची उत्तरं रकान्यांत भरू लागले. लोक खोटं सांगतात हे पहिल्याच महिन्यात कळलं. तासभर बघतो म्हणणारा चार तास बघत असतो. ज्याला काहीच सांगायचं नसतं तो पाचांपैकी मधल्या चौकोनावर खूण करतो, ‘सांगता येत नाही’, आणि आमच्याकडे असे इतके निघतात की आलेखाला मधोमध पोट सुटतं. मला विचारण्याचाच तिटकारा आला. पिसूला कुणी काही विचारत नाही. म्हणून मी एक कल्पना मांडली. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मुलाचा रोज सकाळी संदेश जातो आणि त्याचं उत्तर येतं. या दोहोंमधलं अंतर मोजा. अंतर स्थिर तर माणूस ठीक, डळमळलं तर मुलाच्या फोनवर इशारा. घरात कॅमेरा नको, यंत्र नको, प्रश्न तर नकोतच. पुरावा म्हणून वर्षभराचा एक आलेख जोडला होता, ‘स्त्री, चौसष्ट, एकटी’. ती कोण हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रोज सकाळी साडेसातला मी आईला स्टिकर पाठवते, डोक्यावर टॉवेल घेतलेला आणि कमरेत वाकलेला ससा. तिच्याकडून मांजर येतं. शब्द नसतात. बोलणं रविवारी, घरच्या जुन्या फोनवर, तेही हवेबद्दल आणि गुडघ्याबद्दल. मांजर तीन-चार मिनिटांत हजर व्हायचं, इतकं नेमानं की आलेखावर पट्टीनं ओढल्यासारखी रेघ आली. तिच्यावर माझं प्रेम होतं, रेघेवर. दात घासता घासता मांजर आलेलं दिसलं की दिवस सुरू करायला हरकत नसायची. फक्त बुधवार वाह्यात होता. बुधवारी मांजर कधी अकराला यायचं, कधी जेवणानंतर, कधी लागोपाठ दोन, आणि एकदा मांजराच्या मागोमाग एक उघडी छत्री. बुधवारी ती दवाखान्यात जात असेल असं मी धरलं. विचारलं नाही, कारण विचारलं की मोजमाप बिघडतं. बुधवार मी आलेखातून काढून टाकले आणि तळटीप दिली, ‘आठवड्यातून एकदा बाह्य अडथळा’.

कुसाका-सानांची अट सरळ होती. चर्चेच्या शेवटी बायकांना ही सेवा समजावून सांगायची आणि एक ते पाच गुण द्यायला लावायचे. सरासरी अडीच किंवा वर आली तर दोन हजार लोकांची मोठी पाहणी आमच्या कंपनीला आणि मला कायमची नोकरी. अडीचच्या खाली आली तर मार्चमध्ये माझा करार संपतो तो संपतो. मिझोगुची-सानांनी हे मला जिन्यात सांगितलं होतं, सिगारेट विझवताना, आणि वर म्हणाल्या होत्या की तुझ्याजागी मी असते तर आत्तापासून दुसरीकडे अर्ज टाकले असते.

सुरुवातीला ओचिआइ-सान म्हणून एक बाई बोलल्या. प्रत्येक गटात अशी एक असते, ती आधी बोलते आणि बाकीच्या तिच्या मागून माना डोलावतात. ओचिआइ-सानांच्या मते सकाळी मुलांचा संदेश आला की बरं वाटतं. सगळ्यांना बरं वाटलं. एकीचा मुलगा नातवाचे फोटो पाठवतो, दुसरीची सून नुसता अंगठा. तिसरी संदेश उघडतच नाही, वरची पट्टी वाचून घेते, कारण उघडला की ‘वाचला’ अशी खूण तिकडे दिसते आणि मग उत्तर देणं आलं. सगळ्या हसल्या, आम्हीही असंच करतो म्हणाल्या, आणि तातेनोनं ते टिपून घेतलं. मी आईच्या हातांकडे बघत होते. ती पेल्याखालचा कागद बोटानं फिरवत होती. कुणी बोलत असताना तिला असं काहीतरी फिरवायला लागतं. बाबांच्या दहनानंतर अस्थी वेचायची वाट बघत बसलो होतो तेव्हा ती माझ्या कोटाचं बटण फिरवत होती, आणि मी ते बटण हळूच सोडवून घेतलं होतं, कारण ते निघून आलं असतं.

मग तिची पाळी आली. ती ज्या आवाजात बोलली तो आवाज मला नवा होता. घरी ती वाक्यं अर्धी सोडते. इथे तिनं पुरी केली.

“माझी मुलगी रोज सकाळी साडेसातला ससा पाठवते,” आई म्हणाली. “हजेरीच असते ती. शाळेत होते तेव्हासुद्धा मी इतकी नेमानं हजर नसायची.”

मिझोगुची-सानांनी गोड आवाजात विचारलं की मग तुम्ही रोज उत्तर देता का.

“मी कशाला? आमच्या इमारतीखाली उरानो-सान आहे, तिचं कपडे धुवायचं दुकान आहे. संध्याकाळी मी फोन तिच्या गल्ल्याजवळ ठेवून येते. सकाळी ससा आला की ती मांजर पाठवते. मी म्हटलं, बाई गं, एखाद दिवशी कुत्रा पाठव. पण ती इस्त्रीसारखी सरळ. मांजर म्हणजे मांजर.”

बायका हसल्या. ओचिआइ-सानांनी तोंडावर रुमाल धरला. मग सकाळी तुम्ही असता तरी कुठे, फिरायला जाता का, असं मिझोगुची-सानांनी विचारलं, आणि आई जराही न थांबता म्हणाली की कुठेही जात नाही. कधी उठते, कधी पडून छताकडे बघते. साडेसातला आपण जिवंत आहोत हे कुणाला सांगावं लागत नाही, एवढीच चैन. मग पेला उचलता उचलता सहज म्हणावं तसं म्हणाली, “बुधवारी मात्र दुकान बंद. त्या दिवशी मलाच करावं लागतं.”

 माझ्यात एक बारीक, स्वच्छ द्वेष उभा राहिला, इतका नेटका की मला त्याचा आकार सांगता आला असता. वर्षभर मी एका धोबिणीच्या दुकानाची उघडायची वेळ मोजत होते. उरानो नावाच्या बाईच्या शिस्तीवर मी रोज दिवस सुरू केला होता, आणि आईनं ते मला करू दिलं होतं. ज्या दिवशी ती स्वतः होती, उशिरा, विस्कटलेली, दोन दोन मांजरं पाठवणारी, ते सगळे दिवस मी काढून टाकले होते. छत्री आली त्या बुधवारी काय झालं होतं ते मी आठवून पाहिलं. पाऊस होता. मी छत्री न घेता निघाले होते आणि स्टेशनपर्यंत भिजले होते. छत्रीपुढे मी ‘चुकून दाबलं गेलं’ असा संकेतांक टाकला होता.

कुसाका-सानांनी हेडफोन गळ्यात उतरवला. ते हसत होते, पण डोळ्यांनी नाही. “ही म्हातारी झकास आहे,” ते म्हणाले. “सेगावा-सान, तुमच्या आलेखातली ती बाई, ती स्वतःच उत्तर देत होती हे कशावरून?”

मी म्हटलं की ते तपासलेलं नाही.

“तपासलेलं नाही. आणि आम्ही दोन हजार लोक घ्यायचे.” त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि माझ्याकडे सरकवलं. “हे आत द्या.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मिनोवा-सान: मुलीला कळलं तर?’ चिठ्ठी आत नेऊन देणं हेच माझं काम. तातेनोला पाठवा म्हणता आलं असतं, पण ग्राहकाच्या माणसाला कुणी पाठवत नाही. बाहेरच्या बोळात दोन्ही दारं शेजारी शेजारी आहेत. मधे पाच पावलंही नसतील. मी दार उघडलं आणि आतला उजेड अंगावर आला. लिंबाच्या वासाचं हातांचं मलम, तिचंच, आमच्या न्हाणीघरातलं. काचेच्या पलीकडे वास येत नसतो, हे मी विसरले होते. मी मान लववली, मिझोगुची-सानांच्या हातात चिठ्ठी दिली. आईनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, मी मोजलं नाही. मग तिनं आरशाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि आपली पाटी सरळ केली, ‘मिनोवा’ हे नाव माझ्याकडे येईल अशी.

“तुमचीही किती धावपळ,” ती मला म्हणाली. दुकानातल्या मुलीला म्हणावं तसं.

मी परत फिरले, पण दारातच रेंगाळले. मिझोगुची-सानांनी चिठ्ठीतला प्रश्न गुळगुळीत करून विचारला. आई कुणाकडेच न बघता बोलली.

“कळायला तिनं विचारायला हवं ना. ती विचारत नाही. लहानपणी ताप आला की मी कपाळाला हात लावायची, तर हात बाजूला सारून थर्मामीटर मागायची. सात वर्षांची होती. म्हणायची, तुझा हात आधीच गार आहे, त्याचं काही खरं नाही.”

“पण मिनोवा-सान,” ओचिआइ-सान म्हणाल्या, “तुम्हाला खरंच काही झालं म्हणजे?”

“मग काय. सकाळी उरानो-सान मांजर पाठवेलच. एक दिवस तरी निवांत मरून पडता येईल.”

सगळ्या हसल्या, ओचिआइ-सान सगळ्यांत आधी. मी दार लावून घेतलं.

अंधाऱ्या खोलीत येऊन बसले तेव्हा कुसाका-सान डब्यातला शेवटचा घास खात होते. त्यांनी विचारलं की ती म्हातारी तुमच्याकडे अशी का बघत होती. मी म्हटलं, उजेडात डोळे दिपले असतील. ते उत्तर चूक होतं. दिपले होते ते माझे, तिचे नाही. हेडफोनमधून तिचा आवाज येत राहिला आणि मी तिच्याविरुद्ध मनात एकेक मुद्दा मांडत गेले. तिचा हात गार होता हे खरंच होतं. तांदळाच्या कोंड्यात मुरवायला ठेवलेली काकडी ती रोज सकाळी हातानं खालीवर करायची, त्या आंबूस, गार हातानं कपाळ बघायची आणि म्हणायची की ताप नाही. ताप असायचा. एकदा अडतीस पूर्णांक सहा सेल्सिअस होता आणि तिनं मला शाळेत पाठवलं होतं. थर्मामीटर मी तेव्हापासून मागायला लागले. हे तिनं त्या बायकांना सांगितलं नाही. आपल्याला हवा तेवढाच भाग सांगायचा आणि हशा घ्यायचा, हे ती कधी शिकली? माझ्यासमोर तर तिनं कधी कुणाला हसवलेलं नव्हतं. की हसवलं होतं आणि मी दुसरं काही मोजत होते? ती मोकळी, टवटवीत दिसत होती. माझ्यावाचून ती बरी होती. हे निरीक्षण मी नोंदवलं नाही, पण ते झालं.

शेवटी मिझोगुची-सानांनी सेवा समजावून सांगितली, माझ्याच शब्दांत, आणि गुणांचे कागद वाटले. बायका पेनं उचलून खाली वाकल्या. आईनं कागद दुमडला, तसं करायचं नसताना. मी लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले, कारण निघताना प्रत्येकीला मान लववून निरोप देणं हेही माझंच काम. पाचजणी गप्पा मारत खाली गेल्या. आई मागे राहिली. तिला पर्सची चेन लावायची होती. तिनं ती लावली, उघडली, परत लावली.

“पाच दिलेत,” ती म्हणाली. “भागेल ना तेवढ्यात तुमचं?”

ती अजूनही मला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणजे ही सेवा माझी आहे हे तिनं ओळखलं होतं. ससा आणि मांजर यांतलं अंतर मोजण्याची कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली असती? तिनं मला पाच दिले होते. चार नाहीत, संकोचून मधले तीनही नाहीत. स्वतः एक दिवसही वापरणार नाही अशा गोष्टीला, पर्समधून चॉकलेट काढून परक्या पोराच्या हातावर ठेवावं तसे.

“मिनोवा-सान,” मी म्हटलं, “आज वेळ काढून आलात, आभारी आहोत.”

तिनं मान हलवली. लिफ्ट आली. आत जाऊन ती वळली, तिच्या बोटाला बटण सापडेना, मी बाहेरून हात घालून दाबलं. दारं मिटायला लागली तेव्हा ती म्हणाली, “उद्या बुधवार आहे,” आणि पुढे काही म्हणणार होती की नाही ते कळलं नाही.

मी आत आले तेव्हा सहा कागद टेबलावर उघडे पडले होते आणि तातेनो बेरीज करत होता. दोन, तीन, एक, पाच, दोन, दोन. पंधरा. त्यानं भागाकार दोनदा केला. कुसाका-सान कागदाकडे बघत राहिले आणि मग चिडल्यासारखे म्हणाले, “बरोब्बर अडीच. नशीब काढलंत, सेगावा-सान. ती नाटकी म्हातारी पाच देऊन गेली. काय समजून दिले कुणास ठाऊक.” मिझोगुची-सानांनी टेबलाखाली माझ्या गुडघ्याला हात लावला. त्यांना दोन हजारांची पाहणी हवी होती. मलाही मार्चनंतरचं घर हवं होतं, पगार हवा होता, कंपनीच्या दारावर दाखवायला कायमच्या लोकांचं असतं तसं निळं ओळखपत्र हवं होतं. एवढं सगळं त्या एका आकड्यात होतं आणि तो आकडा तिच्या हातचा होता. तिचे पाच मला नको होते.

“चौथा कागद धरता येणार नाही,” मी म्हटलं. “चौथ्या खुर्चीवर माझी आई होती. आलेखातली बाईही तीच. म्हणजे आलेख उरानो-सानांचा.”

 कुसाका-सानांनी विचारलं की हे दोन वाजता का नाही सांगितलंत, आणि मी म्हटलं की सांगायला हवं होतं. तातेनोनं बेरीज पुसायला घेतली. मिझोगुची-सानांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाल्या की अहवाल तूच लिही, आणि बाहेर निघून गेल्या. मी लिहिला.

वगळलेली उत्तरं : एक. ग्राह्य उत्तरं : पाच. सरासरी : २.०.